नर्सबाईंच्या रजिस्टरमधली आपली नावे

पूर्व विदर्भातल्या एका खेड्यात सिकलसेल तपासणीचे शिबिर झाले. विहाराच्या सभागृहात टेबल मांडले, नर्सबाईंनी बोटातून थेंबभर रक्त घेतले आणि वस्तीतल्या सत्तर-ऐंशी जणांची तपासणी एका दुपारी उरकली. कुणाचे काय निघाले हे त्या दिवशी कुणी मोठ्याने सांगितले नाही. आठ-दहा दिवसांनी आशाताई पुन्हा वस्तीत आल्या आणि चौकातल्या ओट्याजवळ उभ्या राहून त्यांनी पाच नावे पुकारली. "यांना उद्या उपकेंद्रात पाठवा, रक्त पुन्हा घ्यायचं आहे."

एवढेच वाक्य. त्यात आजाराचे नावसुद्धा नव्हते. पण वस्तीला जे कळायचे ते कळले. त्या पाचांत एक लग्नाची मुलगी होती आणि शेजारच्या तालुक्यातल्या एका घराशी तिची सोयरीक ठरत आली होती. पुढच्या आठवड्यात तिकडून निरोप आला की सध्या थांबू, मुलाचे शिक्षण राहिले आहे. नंतर आलेल्या अहवालात मुलगी वाहक निघाली. मुलाची तपासणी तोवर झालीच नव्हती आणि ती झाली आहे का, असे कुणी विचारलेही नाही.

गावाचे आणि घराचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण हा लेखच त्या गोष्टीबद्दल आहे. ज्यांनी ही हकिकत सांगितली त्यांचा आशाताईंवर राग नव्हता. आमचाही नाही. त्यांना पाच जणांना बोलवायचे होते आणि संध्याकाळपर्यंत आणखी दोन वस्त्या करायच्या होत्या. तरीही एका मुलीची अगदी खासगी गोष्ट चौकात गेली, आणि ती कुणी वाईट हेतूने नेली नाही. प्राथमिक आरोग्यसेवेत रुग्णाची गुप्तता बहुतेक वेळा अशीच जाते.

सिकलसेलचा आणि आपल्या समाजाचा संबंध जुना आहे. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ साली आला. म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच वर्षांनी. तेव्हापासून विदर्भात झालेल्या अभ्यासांत पूर्वाश्रमीच्या महार आणि आजच्या बौद्ध समाजात या जनुकाचे प्रमाण लक्षणीय असल्याचे पुन्हा पुन्हा दिसले आहे. गोंड, भिल्ल, पावरा अशा आदिवासी समाजांतही ते आहे, आणि कुणबी, तेली घरांतही सापडते. हिवतापाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांत हे जनुक टिकून राहिले, कारण वाहकाला घातक हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. जातीच्या शुद्ध-अशुद्धतेशी त्याचा काही संबंध नाही. तरी विदर्भातल्या कित्येक गावांत त्याला आजही 'त्या लोकांचा आजार' म्हणतात. त्यामुळे दुहेरी नुकसान होते. आपल्या माणसांवर शिक्का बसतो आणि इतर समाजांतली माणसे 'आपल्यात नसतो' म्हणून तपासणीला येत नाहीत.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. आदिवासीबहुल भागांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी २०२५-२६ पर्यंत करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, असे तिचे उद्दिष्ट. महाराष्ट्रात त्याच्या बऱ्याच आधीपासून राज्याचा स्वतःचा सिकलसेल कार्यक्रम चालू होता. तपासणी झाली पाहिजे याबद्दल आमच्या मनात शंका नाही. वेळेवर निदान झाले तर सिकलसेलग्रस्त मुलाला फॉलिक अ‍ॅसिड, लसी, हायड्रॉक्सीयुरिया मिळते आणि त्याचे आयुष्य वाढते. आजार असलेल्यांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे संरक्षण आहे, आणि त्यासाठीही निदानाचा कागद लागतो. प्रश्न तपासणीचा नाही. तपासणीतून निघालेली माहिती कुणाच्या हाती राहते, हा आहे.

इथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे, कारण निम्मा गोंधळ त्याच्या अज्ञानातून होतो. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. त्याला उपचार लागत नाहीत, तो शेतात राबतो, शहरात नोकरी करतो, इतरांसारखा जगतो. वाहकाचे लग्न सिकलसेल नसलेल्या व्यक्तीशी झाले तर मुले एक तर वाहक होतील किंवा तीही नाही. आजार होणार नाही. दोघेही वाहक असतील तर मात्र प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. म्हणजे माहितीची खरी गरज एकाच ठिकाणी आहे: लग्न करू पाहणाऱ्या त्या दोघांत. आत्या, मामा, सरपंच, ग्रामसेवक, शाळेचे गुरुजी यांना ती असण्याचे कारण नाही.

पण ही माहिती एका माणसापुरती राहतच नाही, हीच तिची अडचण. मूल आजारी निघाले तर सर्वसाधारणपणे आई आणि बाप दोघेही वाहक आहेत हे न तपासताच कळते. मूल वाहक निघाले तर दोघांपैकी निदान एक जण वाहक असणार. आणि कधी असे होते की मूल वाहक आहे, पण आई आणि घरातला बाप दोघांच्याही रक्तात काही नाही. असा कागद उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या हाती येतो. त्या कागदात एका बाईचा संसार असतो. प्रयोगशाळेची चूक असू शकते, नमुन्यांची अदलाबदल झालेली असू शकते. पण तो कागद टेबलावर उघडा पडला आणि शेजारच्या बाकावर बसलेल्याने वाचला, तर खुलासा ऐकायला कोण थांबणार?

आता उपकेंद्र डोळ्यांसमोर आणा. नियमाप्रमाणे सपाट भागात पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. बऱ्याच ठिकाणी आता दारावर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी आली आहे. आत बहुतेक वेळा एक मोठी खोली, एक बाळंतपणाची खोली आणि बाहेर पडवी. टेबलाच्या एका बाजूला सिस्टर आणि दुसऱ्या बाजूला एकाच वेळी चार बाया, त्यांची लेकरे, एखादी सासू. गरोदर बाईला विचारायचे प्रश्न याच टेबलावर विचारले जातात: आधी किती गरोदरपणे झाली, कुठली गोळी घेतली, एचआयव्हीची तपासणी झाली का, नवरा दारू पितो का. सुनेऐवजी सासूच उत्तर देते. पडदा असतो, पण तो तपासणीच्या खाटेला. बोलण्याला पडदा नसतो. रजिस्टर टेबलावर उघडे, कारण दिवसभरात वीस वेळा त्यात लिहायचे असते. कपाटाला कुलूप असेलच असे नाही, आणि असले तरी किल्ली हरवलेली असते. (हे वाचून एखाद्या सिस्टर हसतील, पण आमचे म्हणणे खोडतील असे वाटत नाही.)

शिवाय आशाताई गावातल्याच. त्यांची ताकद त्यातच आहे. बाई जे डॉक्टरांना सांगणार नाही ते आशाताईंना सांगते. पण त्याच कुणाच्या जाऊबाई असतात, कुणाच्या मामेबहीण. एखाद्या लग्नघरातल्या वडीलधाऱ्याने "काय गं, त्या पोरीचं काय निघालं? घरचंच काम आहे म्हणून विचारतो," असे विचारले तर नाही म्हणणे शहरात बसून वाटते तेवढे सोपे नाही. नर्सबाईंनाही सरपंचाचा फोन येतो, स्थानिक पत्रकाराचा येतो, तालुक्याच्या पुढाऱ्याचा येतो. बदली आणि तक्रारीच्या भीतीत काम करणाऱ्या कंत्राटी कर्मचाऱ्याला "हे मी सांगू शकत नाही" असे म्हणण्याचे बळ कुठून येणार? भारतीय परिचर्या परिषदेच्या नीतिसंहितेत रुग्णाचे खासगीपण जपणे आणि माहिती गुप्त ठेवणे हे परिचारिकेचे कर्तव्य म्हणून दिलेले आहे. सिस्टर ते शिकून आलेल्या असतात. पण संहिता पाळायला दार असलेली खोली लागते, कुलूप असलेले कपाट लागते आणि पाठीशी उभा राहणारा वैद्यकीय अधिकारी लागतो.

कायदा काय म्हणतो? इथे एक जुना खटला आठवावा लागतो. 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' या १९९८ च्या प्रकरणात रक्त देताना एका व्यक्तीला एचआयव्ही असल्याचे निष्पन्न झाले, ती बातमी फुटली आणि ठरलेले लग्न मोडले. त्याने रुग्णालयाविरुद्ध दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने गुप्ततेचा हक्क मान्य केला, पण तो निरपवाद नाही, होणाऱ्या पत्नीच्या आरोग्याच्या हक्कापुढे तो मागे पडतो, असे म्हणून रुग्णालयाला दोष दिला नाही. त्यानंतर २०१७ साली दोन गोष्टी झाल्या. पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले, आणि संसदेने एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा केला, जो सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला.

त्या कायद्याचे नववे कलम आमच्या मते प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावण्यासारखे आहे. जोडीदाराला माहिती द्यायचीच झाली तर ती फक्त डॉक्टर किंवा समुपदेशक देऊ शकतो, दुसरे कुणी नाही. तेही आधी त्या व्यक्तीला स्वतः सांगण्यासाठी समुपदेशन करून, ती सांगणार नाही अशी खात्री झाल्यावर, आणि 'आता मी सांगणार आहे' हे तिला कळवून. आणि विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, माहिती दिल्याने तिला मारहाण होईल किंवा तिला टाकून दिले जाईल अशी रास्त भीती असेल, तर सांगायचेच नाही. कायदा करणाऱ्यांना आपल्या घरांतले वास्तव ठाऊक होते, असे हे कलम वाचताना वाटते.

सिकलसेलसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. वास्तविक सिकलसेल संसर्गाने पसरत नाही. वाहक मुलीपासून नवऱ्याच्या जिवाला काहीही धोका नाही. म्हणजे १९९८ च्या निकालात ज्या कारणाने गुप्तता मागे पडली ते कारणच इथे लागू होत नाही. संसर्गजन्य आजारात जे काळजीपूर्वक, टप्प्याटप्प्याने आणि फक्त समुपदेशकाने करायचे, ते इथे ओट्यावरून नावे पुकारून होते. ही विसंगती आरोग्य खात्याला दिसत नसेल तर ती आपण दाखवून दिली पाहिजे.

माहिती डिजिटल होण्याचा भाग वेगळाच. मोहिमेची नोंद पोर्टलवर होते, तपासलेल्यांना कार्डे दिली जातात, आणि वाहक, रुग्ण, सामान्य यांची कार्डे रंगावरून ओळखू येतात. समुपदेशनासाठी ती सोयीची आहेत हे खरे. पण वाचता न येणाऱ्यालाही कळावे म्हणून केलेला रंग शेजाऱ्यालाही कळतो. शाळेतल्या तपासणीनंतर वर्गात कार्डे वाटली तर कुणाच्या हातात कुठल्या रंगाचे कार्ड आहे हे चाळीस मुले बघतात. याहून गंभीर प्रकार मोबाइलवर चालतो. वरून अहवालाची घाई होते, म्हणून नाव, वय, जात, गाव, निकाल असे रकाने असलेल्या रजिस्टरच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकला जातो. ग्रुपमध्ये कोण कोण आहे, जुन्या लोकांना काढले का, हे कुणी पाहत नाही. नावे नसलेली आकडेवारीसुद्धा नेहमी निरुपद्रवी नसते. ज्या गावात बौद्धांची बारा घरे आहेत तिथे 'बौद्ध: रुग्ण ३' असा रकाना फलकावर लावला, तर ती नावेच लावल्यासारखी आहेत.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, पण त्यातली मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मध्याच्या सुमारास लागू व्हायची आहेत. आणि हा कायदा डिजिटल स्वरूपातल्या माहितीचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेले पान त्याच्या कक्षेत येऊ शकते. टेबलावर उघडे पडलेले रजिस्टर येत नाही. आपल्या वस्त्यांतली गळती मुख्यतः रजिस्टरमधून आणि बोलण्यातून होते. दिल्लीतल्या नियमांवर विसंबून इथले काम होणार नाही.

सगळे खापर सरकारी यंत्रणेवर फोडून मोकळे होणे आम्हाला बरोबर वाटत नाही. आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांचे अर्ज पाहा. काही वर्षांपासून कित्येक अर्जांत 'सिकलसेल: आहे / नाही' असा रकाना आला आहे. हेतू चांगला आहे. दोन वाहकांचे लग्न अजाणता होऊ नये आणि पुढे लेकरांच्या वेदना पाहाव्या लागू नयेत, या तळमळीतून कार्यकर्त्यांनी तो सुरू केला. ज्यांनी रात्री-बेरात्री हातपाय धरून रडणारे मूल दवाखान्यात नेले आहे त्यांची ती तळमळ आम्ही हलकी मानत नाही. पण तो अर्ज छापील पुस्तिकेत जातो, पुस्तिका पाचशे घरांत जाते आणि मंचावर परिचय देताना तो रकाना वाचलाही जातो. 'आहे' म्हणजे वाहक की रुग्ण, हेही त्यात स्पष्ट नसते. परिणाम असा की मुलींचे आईबाप तपासणीच टाळू लागतात किंवा 'नाही' असे लिहून मोकळे होतात. ज्यासाठी रकाना टाकला तेच त्याने बिघडते.

आणि प्रश्न मुलीलाच विचारला जातो. मुलगा वाहक निघाला तर 'त्यात काय, दुसरी पाहू'. मुलगी निघाली तर तिच्या धाकट्या बहिणींचीही स्थळे थांबतात. जनुक बाप आणि आई दोघांकडूनही येते, पण कलंक एकट्या मुलीच्या वाट्याला.

यावर मार्ग आहे आणि तो अवघड नाही. रकाना काढून टाकावा. त्याऐवजी मेळाव्यात एका बाजूला खोलीत समुपदेशकाचे टेबल ठेवावे. बोलणी पुढे सरकली की मुलगा आणि मुलगी दोघांनीही आपापले अहवाल घेऊन एकत्र जावे, दोघांनीही, आणि निर्णय त्या दोघांनी घ्यावा. आयोजकांनी अहवालाची झेरॉक्स मागू नये, जपून ठेवू नये. नातेवाइकांनी सिस्टरांना किंवा आशाताईंना फोन करू नये. दोघेही वाहक असूनही लग्न करायचे ठरवले तर गरोदरपणात गर्भाची तपासणी करता येते, तिची माहिती द्यावी. हा निर्णय समाजाचा नाही.

विनयपिटकातल्या महावग्गात पोटाच्या विकाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुऊन काढल्याचा प्रसंग आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतो. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत तसे चांगल्या रुग्णाचेही सांगितले आहेत, तिकडे आपले लक्ष कमी जाते. त्यांतला एक गुण असा की रुग्णाने आपला आजार शुश्रूषा करणाऱ्याला आहे तसा सांगावा. अडीच हजार वर्षांपूर्वी संघाला हे कळले होते की लपवलेल्या आजाराची सेवा करता येत नाही. आज आपल्या वस्तीतली बाई सिस्टरांना आहे तसे का सांगत नाही, याचे उत्तर तिच्या अडाणीपणात शोधू नये. आपण सांगितलेले संध्याकाळपर्यंत वस्तीभर होणार, हे तिला ठाऊक असते.

आरोग्य खात्याकडे मागण्याच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. निकाल प्रौढ व्यक्तीला एकटीला सांगावा. शाळकरी मुलाचा निकाल बंद पाकिटातून पालकांना द्यावा. यादीचे फोटो ग्रुपवर टाकण्यास लेखी मनाई करावी, आणि ती वरच्या अधिकाऱ्यांनी आधी पाळावी, कारण फोटो तेच मागतात. प्रत्येक उपकेंद्राला कुलपाचे एक कपाट द्यावे. रजिस्टरमध्ये जातीचा रकाना नेमका कशासाठी लागतो, हे सांगावे. माहिती मागणाऱ्याला नकार दिला म्हणून कर्मचाऱ्यावर तक्रार आली, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी तिच्या बाजूने उभे राहावे. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीत आपले प्रतिनिधी असतात, काही ठिकाणी सरपंचही आपले असतात. हे विषय तिथे मांडता येतात आणि त्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही.

दुसऱ्या तालुक्यातल्या एका उपकेंद्राच्या सिस्टरांशी आम्ही बोललो. फेरतपासणीची नावे त्या कशी बोलावतात, असे विचारले. त्या म्हणाल्या, "मी नावं पुकारतच नाही. सहा जणांचं पुन्हा रक्त घ्यायचं असलं तर त्याच दिवशी हिमोग्लोबिन तपासणी ठेवते. वीस-पंचवीस बाया येतात, सगळ्यांचं रक्त घेते. त्यातल्या सहा नळ्या कुठल्या, ते मला माहीत आणि प्रयोगशाळेला." असे करायला त्यांना कुणी शिकवले, असे विचारल्यावर त्या थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, "माझ्या नणंदेचं लग्न मोडलं होतं."

एवढ्यात बाहेर कुणाची तरी हाक आली. त्यांनी समोरचे रजिस्टर मिटले, त्यावर लसीकरणाचे पॅड ठेवले आणि त्या उठल्या.